कुत्र्याच्या पंजाला लागलं तर घरी काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

वासी उत्तरायणाची संध्याकाळ, म्हणजे १५ जानेवारी, आमच्या बडोद्यात पतंग उडवायचा दुसरा दिवस. धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून, आम्ही सगळे फिरक्या, बोरं, चिक्कीचे डबे घेऊन खाली उतरत होतो आणि जिन्यात बघतो तर एक सोडून एक पायरीवर लाल ठसा, गौरीच्या वेळी पावलं काढतात तसा. आमचा खंडू खाली बंबाच्या मागे जाऊन बसला होता आणि पुढचा उजवा पंजा चाटत होता. खंडू देशीच आहे, दांडिया बाजारातल्या बोळातून आणलेला, हे झालं तेव्हा सहा वर्षांचा होता. त्या संध्याकाळी मी दोन चुका केल्या. एक म्हणजे रक्त पुसून पंजाच्या गादीवरचा, म्हणजे खालच्या मऊ फुगीर भागावरचा, काप दिसला तेवढ्यावर समाधान मानलं, बोटांच्या मधे बघितलंच नाही. दुसरी म्हणजे रक्त थांबावं म्हणून क्रेप बँडेज ओढून ओढून घट्ट बांधलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पट्टीच्या खालून दोन बोटं सुजून बाहेर आलेली, हात लावला तर गार. डॉक्टरांनी पट्टी कापली, केस बाजूला केले आणि बोटाच्या मुळाशी रुतलेला मांज्याच्या गुलाबी दोरीचा फास चिमट्याने उचलून मला दाखवला. म्हणाले, कापल्याने काही बोट गेलं नसतं, बांधल्याने गेलं असतं. खंडूचं बोट वाचलं पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, तुम्हाला चावणार नाही ह्याची सोय करा. आमचा कधीच चावत नाही हो, असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचे, पण दुखऱ्या पायाला हात लावला की कुठलाही कुत्रा उलटून दात लावू शकतो, त्यात त्याचा दोष नाही. घरात दोन माणसं असतील तर एकाने डोक्याशी बसायचं, एक हात मानेखालून घेऊन डोकं आपल्या छातीशी धरायचं आणि बोलत राहायचं, हळू आवाजात, नेहमी जे बोलता तेच. गरज वाटली तर ओढणीचं किंवा गॉजच्या पट्टीचं मुसकं करा. मधे एक सैल गाठ मारून गोल करायचा, तो नाकाडावर घालून वर एक गाठ, टोकं हनुवटीखाली आणून एकदा फिरवायची आणि कानांच्या मागे नेऊन सुटेल अशी फुलाची गाठ मारायची. पाच-दहा मिनिटांच्या वर ठेवू नका कारण तोंड बंद असलं की त्याला धापता येत नाही. उलटी करत असेल, श्वासाला त्रास असेल किंवा पगसारखा बसक्या नाकाचा असेल तर मुसकं अजिबात नको, त्याऐवजी डोक्याभोवती जाड टॉवेल गुंडाळून धरा.

आता बघायचं. ट्यूबलाइटच्या भरवशावर राहू नका, मोबाईलचा टॉर्च लावा. कुत्र्याला कुशीवर झोपवा, दुखरा पाय वर येईल असा. आधी चांगला पंजा बघा म्हणजे नॉर्मल कसं दिसतं ते कळतं, मग दुखरा. चार बोटांच्या चार गाद्या, मधली मोठी गादी, पुढच्या पायाला मनगटाच्या मागे एक छोटी गादी आणि आतल्या बाजूला वर अंगठ्याचं नख, हे सगळं एकेक करून बघायचं. मग प्रत्येक दोन बोटं फाकवून मधली कातडी, वरून आणि खालून दोन्हीकडून. केस दाट असतील तर पाण्याने ओले करून बाजूला करा. जिथे सगळ्यात जास्त चाटतोय तिथेच बहुतेक वेळा दुखणं असतं, त्यामुळे थुंकीने ओले, तांबूस झालेले केस कुठे आहेत तेही बघा. आणि उत्तरायणाच्या आसपासचे दिवस असतील तर बोटांच्या मुळाशी, अगदी केसांच्या आत, दोरी आहे का हे नखाने चाचपून बघाच. नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाने २०१७ मधे देशभर बंदी घातली खरी पण झाडांवर, तारांवर, गटारात दोरी महिनोन्‌महिने लोंबत पडलेली असते आणि कुत्र्याचा पाय त्यात अडकला की तो झटका देऊन पुढे जातो, फास मात्र आवळून आतच राहतो. असा फास दिसला तर ओढू नका, ओढलं की आणखी रुततो. बोथट टोकाची कात्री खाली सरकत असेल तरच कापा, नाहीतर तसाच ठेवून सरळ डॉक्टरांकडे.

रक्त येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते थांबवायचं. गादीचं वरचं कातडं जाड असतं पण त्याच्या खाली चरबी आणि रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून एवढासा काप असला तरी फरशी लाल होते आणि घरातले घाबरतात. स्वच्छ सुती कापड, गॉज, काही नसेल तर धुतलेला रुमाल, चौघडी करून जखमेवर ठेवा आणि तळव्याने दाबून धरा. मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावा, आणि ती दहा मिनिटं मधे उचलून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी नाही, कारण बघितलं की जमलेली गुठळी निघून येते आणि परत पहिल्यापासून सुरू. कापड भिजलं तर काढायचं नाही, त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. पाय छातीच्या पातळीच्या थोडा वर धरता आला तर बरं. रक्त लालभडक आणि उडी मारून येत असेल किंवा पंधरा मिनिटं दाबूनही थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून रिक्षा नाहीतर गाडी, जे मिळेल त्याने निघा. वरती पायाला सुतळी, रबर बँड वगैरे काही आवळून बांधू नका.

आणि हळद. आमच्या शेजारच्या बेन तेव्हा वाटीभर घेऊन आल्या होत्या, हळदर दाबी दो ने, बंध थई जशे, म्हणजे हळद दाबा ना, थांबेल. प्रेमानेच आणली होती, आपल्या घरीही बोट कापलं की हेच करतात. पण पंजाच्या जखमेत कोरडी पावडर भरली की ती रस्त्यावरच्या मातीबरोबर आत घट्ट बसते, मग डॉक्टरांना आधी तीच खरवडून काढावी लागते आणि त्या खरवडण्याने बिचाऱ्याला दुप्पट दुखतं. कॉफी, चुना, टूथपेस्ट, सगळ्याचं तेच. कापाच्या कडा फेविक्विकने चिकटवलेल्याही मी बघितल्यात, कृपा करून नका करू, आतली घाण आतच कोंडते.

रक्त थांबलं की धुणं. माझ्या मते घरच्या उपचारातला सगळ्यात मोठा भाग हाच आहे आणि लोक ह्यातच घाई करतात, बाटलीभर औषध ओततात पण पाणी ओतत नाहीत. मेडिकलवर अर्ध्या लिटरची एनएस म्हणजे साध्या सलाईनची बाटली मिळते, ती घरात असू द्या. नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. वीस एमएलची सिरिंज, सुई न लावता, भरून भरून जखमेवर मारा, अख्खी बाटली संपली तरी चालेल, माती आणि केस निघून स्वच्छ गुलाबी मांस दिसेपर्यंत. फार खोल वाटलं किंवा परत रक्त सुरू झालं तर तिथेच थांबा, बाकीचं धुणं डॉक्टर करतील. त्यानंतर बीटाडीनचं द्रावण, पण थेट बाटलीतून नाही, पाण्यात घालून कोऱ्या पातळ चहाच्या रंगाचं करायचं आणि त्याने एकदा धुवून काढायचं. डेटॉल नको, स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच, ते फेसाळताना जंतू मरताना दिसतात म्हणून लोकांना आवडतं पण त्याने भरत आलेलं चांगलं मांसही जळतं. माणसांची मलमं पण लावायची नाहीत, त्यातल्या झिंकवाल्या क्रीम कुत्र्याने चाटल्या तर त्याला विषबाधा होऊ शकते.

काही रुतलेलं असेल तर दोन प्रकार. वरवरचा काटा किंवा काचेचा कण, ज्याचं टोक बाहेर दिसतंय, तो चिमट्याने ज्या वाटेने आत गेलाय त्याच वाटेने मागे, सावकाश, एका ओढीत काढायचा. आमच्याकडे मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला असतो, त्याचा काटा कडक आणि लांब, वरून एक ठिपका दिसतो पण आत बराच गेलेला असतो आणि ओढताना टोक मोडून आत राहतं. असा खोल गेलेला काटा, मोठी काच, खिळा, ह्यांना हात लावायचा नाही, बाजूने कापडाची चुंबळ करून ते हलणार नाही असं धरायचं आणि डॉक्टरांकडे. आणखी एक म्हणजे कुसळ. पावसाळा संपला की वाळलेल्या गवताचं कुसळ बोटांच्या मधल्या कातडीतून आत शिरतं आणि ते नुसतं बसून राहत नाही, पुढे पुढे सरकतं. बाहेर रक्त नाही, जखम नाही, फक्त कुत्रा एकच जागा चाटतोय आणि चार दिवसांनी तिथे फोड येतो, फुटतो, बरा झाल्यासारखा वाटतो, परत येतो. फोड दाबून पिळू नका, आतलं कुसळ काढेपर्यंत तो येतच राहणार.

नख मोडलं असेल तर रक्त भरपूर येतं कारण नखाच्या आत जिवंत भाग असतो, पण जिवाला धोका नाही. दाबून धरा, आणि इथे मात्र पावडर चालते, दाढीनंतर लावायची तुरटी ओली करून नखाच्या टोकाला धरा किंवा कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन दाबा. फक्त नखाच्या टोकालाच हं, कातडीच्या जखमेत नाही. अर्धवट लोंबणारं नख घरी उपटू नका, ते बधिर करूनच काढायचं असतं.

भाजणं. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ ला टेकतो आणि डांबर त्याच्याही खूप वर जातं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याला चालवू नका, सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री उशिरा फिरवा. भाजलेली गादी आधी काळपट किंवा लालसर दिसते, मग फोड येतात, मग वरचं कातडं पापुद्र्यासारखं सुटतं. नळाच्या साध्या पाण्याखाली दहा ते वीस मिनिटं पंजा धरा. बर्फ नको, तूप नको, खोबरेल नको. फोड फोडू नका. चारही पंजे बघा, भाजलं असेल तर सहसा एकच पंजा भाजत नाही. आणि तो फार धापत असेल, लाळ गळत असेल, झोकांड्या खात असेल तर तो उष्माघात समजा, मग पंजाचं नंतर, आधी सगळं अंग पाण्याने गार करत करत डॉक्टरांकडे.

आता पट्टी, जिथे मी चुकले. आधी जखमेवर न चिकटणारी गॉज, पॅराफिन गॉज म्हणून मेडिकलवर मिळते. मग प्रत्येक दोन बोटांच्या मधे कापसाचा पातळ तुकडा, अंगठ्याच्या नखाखालीही एक, कारण कुत्र्याला घाम पंजालाच येतो आणि बांधलेल्या पट्टीच्या आत बोटं एकमेकांना घासून ओली होऊन कुजल्यासारखी होतात. मग कापसाचा रोल, बोटांकडून वर असा गुंडाळत जायचा, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर येईल असा. नुसता पंजा बांधून थांबलात तर दोन पावलांत निघून येते, म्हणून मनगटाच्या वर चार बोटं तरी न्यायची. त्यावर गॉजची पट्टी, आणि सगळ्यात वर क्रेप. इथेच खरी काळजी. क्रेप ओढून बांधायचं नसतं, रोलमधून आधी सैल सोडवून घ्यायचं आणि मग नुसतं ठेवत ठेवत गुंडाळायचं. बांधून झाल्यावर वरच्या कडेतून तुमची दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. आणि मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा, नखं दिसली पाहिजेत, ती तुमची खिडकी आहे. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी त्या टोकांना हात लावून बघा. गार लागतायत, सुजलीयत, नखं एकमेकांपासून लांब फाकलीयत, किंवा कुत्रा अचानक पट्टी कुरतडायला लागला, ह्यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन असले तरी पट्टी कापून काढा, सैल करत बसू नका. खंडू त्या रात्री तीन वेळा पट्टी चावत होता आणि मी त्याला गप्प बस म्हणून रागावले होते. तो सांगतच होता.

पट्टी रोज बदलायची, ओली झाली तर लगेच. बाहेर न्यायचं तेव्हा दुधाची रिकामी पिशवी धुवून वरून चढवा पण घरी आलं की काढा, प्लास्टिकच्या आत घाम साचतो. वास यायला लागला किंवा बाहेरून पिवळं दिसलं तर आत पू आहे, डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याच्या थुंकीने जखम भरते असं आपल्याकडे म्हणतात, पण चाटून चाटून जखम उघडी राहते आणि तोंडातले जंतू आत जातात, तेव्हा गळ्यात कोन घालाच, प्लास्टिकची ई-कॉलर मिळते. पहिला दिवस तो दारांना, खुर्च्यांना आपटत फिरेल, तुम्हाला दया येईल, तरी काढू नका. जेवताना तुमच्या समोर काढली तर चालेल.

गोळ्यांबद्दल एकच सांगते पण मनापासून. घरातली दुखण्याची कुठलीही गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, कुठलीच नाही, अर्धी नाही, पाव पण नाही. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी बंद पडू शकते, आणि पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं. दुखणं थांबवायला कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं आहेत, ती वजन बघून डॉक्टर देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का असंही लोक विचारतात, कुत्र्यांना धनुर्वात माणसांपेक्षा खूप कमी होतो, तेव्हा ते डॉक्टरांवर सोडा.

कधी थांबायचंच नाही ते सांगते. काप खोल आहे, कडा उघडून आतलं मांस दिसतंय, तर सहा-आठ तासांच्या आत पोचा, त्यानंतर टाके घालणं अवघड होतं कारण जंतू आत शिरलेले असतात. गादी प्रत्येक पावलाला दाबून पसरते म्हणून तिथले टाके तसेही मुश्किलीने टिकतात. पाय अजिबात टेकत नाही, वेडावाकडा दिसतोय, किंवा तासाभरात भराभरा सूज चढतेय आणि दोन ठिपके दिसतायत तर साप असू शकतो, मग बांधणं, चिरा देणं काही न करता त्याला चालू न देता उचलून न्या. दुसऱ्या कुत्र्याने चावलं असेल तर साबणाच्या पाण्याने भरपूर धुवा आणि आपल्याची रेबीजची लस झालेली असली तरी बूस्टरबद्दल त्याच दिवशी विचारा.

पावसाळ्यात जास्तच जपावं लागतं. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा बऱ्याच जणांची कुत्री दिवस दिवस त्या पाण्यात होती. अशा पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते आणि पंजाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस आत जातो, तो माणसांनाही होतो, म्हणून असा पंजा धुताना हातमोजे घाला आणि वर्षाच्या लसीत लेप्टोची आहे ना ते बघून घ्या. दुसरं म्हणजे अळ्या. जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत आत अळ्या वळवळायला लागतात, बाहेरून फक्त छोटं भोक आणि घाण वास. लोक त्यात पेट्रोल, फिनाइल, टर्पेंटाइन ओततात. नका ओतू, त्याने आतलं जिवंत मांस भाजतं. डॉक्टर एकेक अळी काढतात, औषध भरतात, आणि चांगली खोल जखमही भरून येते, मी बघितलंय.

रस्त्यावरच्या कुत्र्याला लागलेलं दिसलं तर तुम्ही एकट्याने पकडायला जाऊ नका. गुजरातमधे १९६२ वर फोन केला की करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्स येते, २०१७ पासून सुरू आहे, बेवारस प्राण्यांसाठी पैसे लागत नाहीत. ती येईपर्यंत लांबून नजर ठेवा, पाणी ठेवा, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. आणि ह्या सगळ्यात तुम्हालाच दात किंवा नख लागलं, नुसतं खरचटलं तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, सगळे डोस पूर्ण करा.

आमच्याकडे आता स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एक बिस्किटाचा डबा आहे. त्यात सलाईन, सिरिंज, गॉज, कापूस, दोन क्रेप, बोथट कात्री, चिमटा, तुरटी, बीटाडीन, आणि झाकणावर डॉक्टरांचा नंबर चिकटवलेला. संक्रांत झाली की होळीपर्यंत रोज रात्री फिरून आलं की आई त्या डब्याखाली पाट घेऊन बसते, खंडू स्वतःहून येऊन उजवा पंजा तिच्या मांडीवर ठेवतो आणि ती एकेक बोट फाकवून बघते. ह्या वर्षी दोनदा दोरी निघाली, दोन्ही वेळा फास आवळायच्या आत.